सहाव्या वचनाशी थांबलेली प्रार्थना

चौथ्या आठवड्याच्या मंगळवारी सायंप्रार्थनेला ब्रेव्हिअरी (कॅथलिकांचा रोजच्या प्रार्थनांचा, चार आठवड्यांच्या चक्राचा ग्रंथ) उघडली की पहिलं येतं ते बायबलातलं १३७वं स्तोत्र. बाबेलच्या नद्यांकाठी बसून सीयोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, आठवणीनं रडणारी माणसं, झाडांना टांगून ठेवलेल्या वीणा, ‘म्हणा की एखादं सीयोनचं गाणं’ अशी धरून नेणाऱ्यांनी चालवलेली थट्टा. मग ती शपथ: यरुशलेमा, तुला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो, जीभ टाळूला चिकटो. इथं स्तोत्र संपतं. लगेच त्रैक्याचा गौरव (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या स्तुतीची ठरलेली ओळ), आणि पुढचं स्तोत्र सुरू.

मथळ्याशी बारीक अक्षरात ‘१३७:१-६’ असं छापलेलं असतं. बायबलात मात्र या स्तोत्राला नऊ वचनं आहेत. उरलेल्या तिन्हींत काय आहे ते शेजारी बायबल ठेवल्याशिवाय कळत नाही. सातव्यात शेजारच्या अदोमी लोकांचा हिशेब आहे: आमचं शहर पडलं त्या दिवशी ‘पाडा, पायापर्यंत पाडा’ म्हणून हे ओरडत होते, देवा, हे विसरू नकोस. आठव्यात बाबेलला सांगितलंय की तू आमचं जे केलंस त्याची परतफेड करील तो धन्य. आणि नववं वचन: तुझी तान्ही पोरं उचलून खडकावर आपटील तो धन्य.

हे देवळात, मोठ्यानं, दोन बाजूंनी आळीपाळीनं म्हणायचं का? ख्रिस्ती मंडळींना हा प्रश्न जुनाच आहे. त्याचं एकच उत्तर इथं तपासायचं ठरवलं आहे, कारण ते लेखी आहे, त्याला तारीख आहे आणि त्याची कारणंही नोंदलेली आहेत. रोमनं १९७० साली दिलेलं उत्तर.

काय ठरलं

त्याआधीची चौदा शतकं पाश्चात्त्य मठांचा दंडक सरळ होता: आठवड्याला १५० स्तोत्रं, एकही न गाळता. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत, १८व्या प्रकरणात, स्तोत्रांची वारवार वाटणी आहे. ती सांगून झाल्यावर तो मोकळेपणानं म्हणतो की ही वाटणी कुणाला पटत नसेल तर त्यानं दुसरी करावी, पण आठवड्यात सगळी स्तोत्रं झालीच पाहिजेत. आपले पूर्वज जे एका दिवसात करायचे ते आपण आळशांनी निदान आठवड्यात तरी उरकावं. पोप दहावे पायस यांनी १९११ मध्ये धर्मगुरूंच्या प्रार्थनाग्रंथातली वाटणी मुळापासून बदलली, तरी आठवड्याचा दंडक त्यांनीही मोडला नाही.

तो मोडला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं. डिसेंबर १९६३ मध्ये मंजूर झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाच्या ९१व्या कलमानं सांगितलं की स्तोत्रं एका आठवड्याऐवजी अधिक काळात वाटावीत. त्यातून चार आठवड्यांचं चक्र आलं. कामाच्या रगाड्यातल्या धर्मगुरूला आणि प्रापंचिकालाही ते झेपतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. १ नोव्हेंबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी ‘लाउदिस कांतिकुम’ या फर्मानानं नवा ग्रंथ मंजूर केला आणि पुढच्या वर्षी तो लॅटिनमध्ये छापून आला. त्यात तीन स्तोत्रं नव्हतीच: ५८, ८३ आणि १०९. शिवाय आणखी बऱ्याच स्तोत्रांतून कुठं एक, कुठं तीन, कुठं सात वचनं काढलेली होती.

(कुणी जुनं लॅटिन पुस्तक उघडून पडताळणार असेल तर: ग्रीक-लॅटिन परंपरेत मधल्या बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकानं कमी असतो. तिथं ही तीन ५७, ८२ आणि १०८ म्हणून सापडतील. मी पहिल्यांदा शोधायला गेलो तेव्हा भलतंच स्तोत्र वाचून ‘यात गाळण्यासारखं आहे तरी काय’ म्हणून डोकं खाजवत बसलो होतो.)

या ग्रंथाला एक लांबलचक सूचनापत्र जोडलेलं आहे. त्याच्या १३१व्या परिच्छेदात कारण थोडक्यात दिलंय: या तीन स्तोत्रांचा सूर मुख्यतः शापांचा आहे म्हणून ती वगळली, काही वचनंही त्याच कारणानं वगळली, आणि या सगळ्यामागं आहे ‘एक प्रकारची मानसिक अडचण’. लगोलग तोच परिच्छेद कबूल करतो की शापाची स्तोत्रं नव्या करारातल्या भक्तीतही येतात, आणि प्रकटीकरणाच्या ६व्या अध्यायातलं १०वं वचन दाखवतो. तिथं वेदीखालचे हुतात्मे विचारतात, प्रभू, आमच्या रक्ताचा न्याय करायला आणखी किती वेळ लावणार?

निर्णय देतानाच उलट बाजूचा पुरावा जोडणारं सरकारी कागद मी तरी फार पाहिलेलं नाही. पण त्यामागची गोष्ट कळली की नवल वाटत नाही. ग्रंथ घडवणाऱ्या समितीतल्या स्तोत्रांच्या जाणकारांचा कल पूर्ण संहिता ठेवण्याकडे होता. गाळण्याच्या बाजूनं कौल पडला तो खुद्द पोपचा.

लॅटिनमध्ये चाललं ते मराठीत का चालेना

‘लाउदिस कांतिकुम’मध्ये एक शब्द आहे ज्याकडे चर्चा करणाऱ्यांचं सहसा लक्ष जात नाही: लोकभाषा. कठोर वाटणारी वचनं काढली ती विशेषतः लोकभाषेतल्या प्रार्थनेत ज्या अडचणी येतील त्या ध्यानात घेऊन, असं तिथं म्हटलंय.

मला हीच सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. लॅटिन होतं तोवर शाप सुरात वाहून जायचे. म्हणणाऱ्याच्या जिभेला सवय, ऐकणाऱ्याच्या कानाला नाद. अर्थ पोचला तर पोचला. १०९वं स्तोत्र मराठीत म्हणून बघा. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचं पद दुसरा घेवो. त्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो. पोरं भीक मागत फिरोत. सावकार त्याचं होतं नव्हतं ते लाटो. त्याच्या पोरक्या लेकरांवर कुणी दया न करो. हे लॅटिन राहत नाही. हे ओट्यावर उभं राहून बोटं मोडणारं बोलणं होतं, आणि शेजारच्या बाकावर आठ वर्षांचं पोर बसलेलं असतं.

सहावे पॉल यांना लोकांच्या भाषेत शिरलेल्या प्रार्थनेचं वजन ठाऊक होतं. १९६४ च्या डिसेंबरात ते आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिक मेळाव्यासाठी मुंबईत आले, तेव्हा इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढं बोलताना त्यांनी ‘असतो मा सद्गमय’ ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली होती. शब्दांबद्दल हळवा माणूस. अशा माणसाला त्या तीन स्तोत्रांचा त्रास झाला असेल हे मी समजू शकतो.

आणि त्रास होणारे ते पहिले नव्हेत. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली, त्यानं १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी प्रार्थनापुस्तक केलं तेव्हा बरीच स्तोत्रं आणि स्तोत्रांचे भाग काढले, आणि प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं की ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी ते अत्यंत अशोभनीय आहेत. इंग्लंडच्या चर्चनं १९२७-२८ मध्ये पुढं केलेल्या सुधारित प्रार्थनापुस्तकात अशा वचनांना कंस घातले होते, म्हणजे हवं तर म्हणा, हवं तर सोडा. ते पुस्तक पार्लमेंटनं दोनदा फेटाळलं, पण वेगळ्या धार्मिक भांडणावरून. कंस बिचारे त्यात वाहून गेले. जुन्या १६६२ च्या पुस्तकाप्रमाणं चालायचं तर आजही दर महिन्याच्या २२ तारखेला संध्याकाळी १०९वं स्तोत्र येतं.

कात्री नेमकी कुठं चालली

माझं म्हणणं इथं सुरू होतं. तीन अख्खी स्तोत्रं बाजूला ठेवणं आणि उरलेल्यांतून वचनं कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच कारणाखाली दोन्ही उरकल्या गेल्या. अख्खं स्तोत्र नसलं की नाही हे दिसतं. ५७ नंतर ५९ आलं की मोजणारा थांबतो, विचारतो. कापलेलं स्तोत्र मात्र पूर्ण असल्यासारखं वागतं.

१३९वं घ्या. चौथ्या आठवड्यातच, बुधवारी संध्याकाळी. परमेश्वरा, तू मला पारखलंस, माझं बसणं-उठणं तुला ठाऊक. आईच्या उदरात तूच मला विणलंस. बारशाच्या पत्रिकेपासून दफनाच्या प्रार्थनेपर्यंत सगळीकडे चालणारं गोड स्तोत्र. ग्रंथात ते १८व्या वचनावरून थेट २३व्यावर उडी मारतं: देवा, मला तपास, माझं मन जाणून घे, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का बघ.

मधल्या चार वचनांत काय होतं? देवा, तू दुष्टांना मारून टाकलंस तर बरं होईल. तुझा द्वेष करणाऱ्यांचा मी द्वेष करू नको का? करतो, पुरेपूर करतो, ते माझे वैरी.

आता ती उडी न मारता वाचा. माणूस भान सुटल्यासारखा द्वेष ओकतो आणि पुढच्याच श्वासाला म्हणतो, मला तपास. काहीतरी आपल्या तोंडून गेलं याची त्याला चाहूल लागली असावी. ‘वाईट मार्ग आहे का बघ’ हे त्या चार वचनांना दिलेलं उत्तर आहे. ती काढली की उरतो तो चांगला माणूस देवाकडून चांगुलपणाचा दाखला मागतो आहे. संपादकांनी द्वेष काढला आणि त्याबरोबर पश्चात्तापाची जागाही गेली. मला या प्रकरणातली ही सगळ्यात मोठी चूक वाटते, १०९ गाळण्यापेक्षाही.

दुसरी गंमत १४९व्या स्तोत्राची. भक्तांच्या ओठी देवाची स्तुती आणि हाती दुधारी तलवार, राष्ट्रांचा सूड घ्यायला आणि त्यांच्या राजांना बेड्या घालायला. ते पूर्ण ठेवलंय. पहिल्या रविवारी सकाळी म्हणायचं, शिवाय सणासुदीलाही. जिंकणाऱ्याची तलवार चालली, हरलेल्याचा आक्रोश नाही चालला. हे मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही. यादी करताना शापाची शब्दरूपं शोधली गेली, ती बोलणाऱ्याच्या हातात काय आहे हे पाहिलं गेलं नाही, इतकंच.

मराठीत यासाठी वेगळे शब्द आहेत. शिवी कुणीही देतो. शाप द्यायला ऋषी लागतो, म्हणजे तप, म्हणजे ताकद. आणि तळतळाट? तो लागतो. तो देणाऱ्याकडे काहीच नसतं. जमीन गेलेली असते, पोर गेलेलं असतं, कोर्टात कुणी ऐकलेलं नसतं. म्हणून आपल्याकडे गरिबाच्या शिवीपेक्षा त्याच्या तळतळाटाला माणसं भितात. १३१व्या परिच्छेदात ज्यांना शाप म्हटलंय ते बहुतांशी तळतळाट आहेत. ५८वं स्तोत्र सुरू होतं ते अन्यायानं निवाडे करणाऱ्यांना उभं करून. देवा, त्यांच्या तोंडातले दात पाड, हे त्या निवाड्यांना दिलेलं उत्तर आहे. १०९ मधला माणूस खोट्या आरोपांत सापडला आहे. सहाव्या वचनात फिर्यादी उजव्या हाताला उभा राहतो, आणि ३१व्या, शेवटच्या वचनात त्याच जागी कोण उभं आहे? गरिबाच्या उजव्या हाताला, त्याला दोषी ठरवणाऱ्यांपासून वाचवायला, परमेश्वर. अख्खं स्तोत्र या दोन उजव्या हातांच्या मध्ये घडतं. काही अभ्यासक तर मधला शापांचा मोठा तुकडा वैऱ्यांच्याच तोंडचा मानतात, म्हणजे हा माणूस आपल्याला दिलेले शाप देवाला वाचून दाखवतो आहे. एका प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरानं सहाव्या वचनाआधी ‘ते म्हणतात’ असे शब्दच घातले आहेत. मला ते सोयीचं उत्तर वाटतं, पण अशक्य नाही.

८३वं राहिलं. त्यात अदोम, मवाब, अम्मोन, अमालेक, पलिष्टी, सोर, अश्शूर अशी दहा नावांची शत्रूंची यादी आहे. ते मला तरी प्रार्थनेला जड जातं, आणि ते बाहेर राहिल्यानं माझं काही अडलेलं नाही.

गाळणाऱ्यांच्या बाजूनं

‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ हे येशूचं वाक्य सगळेच पुढं करतात, आणि ते करायलाच हवं. पण गाळणाऱ्यांकडे याहून व्यवहारी पुरावा आहे.

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन १०९व्या स्तोत्रावर लिहिताना सांगतो की कुणाला वैऱ्याचा काटा काढायचा असला की तो संन्याशांना पैसे देऊन हे स्तोत्र रोज म्हणवून घेई. फ्रान्समधली एक घरंदाज बाई त्याला माहीत होती. तिनं काही फ्रान्सिस्कन संन्यासी पैशानं लावून हे स्तोत्र स्वतःच्या एकुलत्या एका मुलावर म्हणवलं होतं. कॅल्व्हिनला संन्याशांचा राग होता हे धरूनही ही गोष्ट अंगावर येते. आणि ती जुनी म्हणून सोडूनही देता येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत ‘ओबामांसाठी प्रार्थना करा: स्तोत्र १०९:८’ असे स्टिकर आणि टी-शर्ट विकले जात होते. आठवं वचन म्हणजे ‘त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचं पद दुसरा घेवो’. राजकीय विनोद म्हणून खपवलेलं. नवव्या वचनात बायको विधवा होते आणि मुलं पोरकी.

म्हणजे ताकदवानाच्या हाती पडला की तळतळाटाचा शाप होतो. हा धोका खरा आहे. फक्त एवढं नोंदवतो की स्टिकरवाल्यानंही कात्रीच वापरली होती. त्याला ३१वं वचन नको होतं.

विरुद्ध टोकाला १९३७ चा जुलै. १ तारखेला नाझींना विरोध करणारे जर्मन पाद्री मार्टिन नीमलर यांना नाझी पोलिसांनी पकडलं. ११ तारखेला फिंकेनवाल्डेच्या, पाद्री घडवणाऱ्या छोट्या सेमिनरीत नाझीविरोधी धर्मतज्ज्ञ डीट्रिश बोनहोफर यांनी प्रवचनासाठी ५८वं स्तोत्र निवडलं, तेच, दात पाडण्याचं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की हे स्तोत्र आपण आपल्या तोंडानं म्हणायला लायक नाही. ते निर्दोष माणसानंच म्हणावं, आणि तो क्रुसावर आहे, जिथं देवाचा क्रोध त्याच्यावरच पडला. सूड स्वतःच्या हातून काढून देवाकडे सोपवणं ही त्या स्तोत्राची करामत. दोन-अडीच महिन्यांत गेस्टापोनं ती सेमिनरी बंद केली.

हे वाचल्यावर ‘मानसिक अडचण’ हा शब्द मला पातळ लागतो. विशेष म्हणजे त्याच सूचनापत्राचा १०८वा परिच्छेद याच्या उलट शिकवतो. तिथं सांगितलंय की ही प्रार्थना माणूस स्वतःच्या नावानं करत नाही, ख्रिस्तदेहाच्या वतीनं करतो. तू दुःखी असलास आणि स्तोत्र आनंदाचं आलं तरी म्हण, कारण कुणीतरी आनंदात आहे. मग माझ्या मनात सूड नसताना सूडाचं स्तोत्र का म्हणू नये? ज्याचं सगळं गेलंय तो आज कुठंतरी आहेच. १०८ आणि १३१ एकाच वहीत, तेवीस परिच्छेदांच्या अंतरावर आहेत.

पूर्वीच्या लोकांनी वचनं ठेवून अर्थ फिरवला होता. ओरिजेन आणि ऑगस्टीन या आरंभीच्या शतकांतल्या ख्रिस्ती भाष्यकारांनी १३७ मधली तान्ही पोरं म्हणजे मनात नुकते उगवलेले वाईट विचार, आणि खडक म्हणजे ख्रिस्त असं लावलं. बेनेडिक्टच्या नियमावलीत, चौथ्या प्रकरणात, हाच सल्ला आहे: मनात दुर्विचार येताच ते ख्रिस्तावर आपटून फोडावेत. मला हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटतो, बाबेलच्या आईला त्याचा काही उपयोग नाही. पण वचन पानावर राहिलं, आणि प्रत्येक पिढीला त्याच्याशी झटावं लागलं. पेत्रानं तर येशूला दगा देणाऱ्या यहूदाची रिकामी जागा भरताना, प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात, १०९ मधलंच ते पदाचं वचन वापरलंय. आज ब्रेव्हिअरीपुरतीच स्तोत्रं म्हणणाऱ्याला पेत्र कुठून बोलतोय हे कळणार नाही.

मग काय करावं

माझ्यापुरता निष्कर्ष असा. रोजच्या सक्तीच्या चक्रातून ५८, ८३, १०९ बाहेर राहिली तरी चालेल, पण ग्रंथातून नव्हे. ती छापावीत, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारांना पर्याय म्हणून ठेवावीत, आधी दोन वाक्यांची ओळख असावी की हे कोणाच्या तोंडचं आहे. कापलेली वचनं मात्र परत यावीत, निदान १३९ ची तरी बिनशर्त. १३७ साठी इंग्रजांचा तो कंस वाईट नव्हता. अनेक बेनेडिक्टाइन मठांत आजही १५०च्या १५० म्हटली जातात आणि तिथले लोक काही शिव्याशाप देत हिंडत नाहीत.

हे मी आमच्या सायंप्रार्थनेच्या गटात मांडलं. आम्ही सात-आठ जण, बहुतेक निवृत्त. फादर हसले आणि म्हणाले, ‘तुमच्या सात जणांत चालेल हो. प्रायश्चित्तकाळातल्या चौथ्या रविवारी, वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘ब’ वर्षात, १३७वं स्तोत्र मिस्सात येतं, तेही सहा वचनांपर्यंतच. तिथं चारशे माणसं असतात आणि पुढच्या रांगेत पहिल्या कम्युनियनची मुलं. नववं वचन वाचून खाली उतरल्यावर त्यांना काय सांगू ते तुम्ही मला लिहून द्या.’

मी अजून लिहून दिलेलं नाही. दोनदा बसलो, पान-दीड पान झालं, आणि ते मुलांसाठी नसून फादरना हरवण्यासाठी आहे असं लक्षात आल्यावर फाडलं.

गटात मात्र एक तोडगा निघाला आहे. चौथ्या मंगळवारी सहावं वचन संपलं की आम्ही त्रैक्याचा गौरव लगेच म्हणत नाही. उरलेली तीन वचनं मनात वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबतो. ज्यांच्याकडे बायबल आहे ते पान उलटतात. परवा एक बाई त्या वेळात पुस्तक मिटून नुसत्या समोर बघत बसल्या होत्या, आणि गौरव सुरू झाला तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. नंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. १३८वं स्तोत्र आलं तेव्हा त्या पुन्हा आमच्यात होत्या.